बारागाड्यांपुढं मान वळली

मी सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यायचं, असा आमच्या गल्लीचा रिवाजच आहे. बियाण्यांच्या दुकानात बसून मी एखाद्या वाणाचं कौतुक करायला लागलो की गिऱ्हाईक म्हणतं, "नाना, बोंड नारळाएवढं नका सांगू. पेरूएवढं सांगा, म्हणजे आम्ही लिंबाएवढं धरतो." माझी त्याला हरकत नाही. धरणगावच्या पुढं, जिथं उन्हाळ्यात सावलीसुद्धा ऊन लागतं म्हणून झाडाखाली येऊन बसते, तिथं खरं आहे तेवढंच बोलून कोणाचा दिवस जाणार?

पण पुढचं वाचताना एवढी मेहेरबानी करा. वजाबाकी करू नका. ती मी आधीच केलेली आहे.

माझ्या घरासमोर एक पोरगा वाढला. त्याला कबड्डीचा पहिला श्वास मी शिकवला. मी स्वतः एकेकाळी धुळे-जळगावची मैदानं अशी गाजवली होती की... जाऊ द्या, ते पेरूएवढं होईल. तर हा पोरगा. चढाईला निघाला की समोरचे खेळाडू तर मागं सरकायचेच, त्यांच्या सावल्यासुद्धा आधी निघून जायच्या. भुसावळला रेल्वेच्या मैदानावर त्यानं मांडीवर नुसती थाप मारली आणि पलीकडच्या फलाटावरची गाडी वेळेआधी सुटली. धुळ्याला त्याला पाच जणांनी धरलं, तर तो पाचही जणांना घेऊन मध्यरेषेवर आला, आणि त्यातल्या एकाला देवपूरला घरापर्यंत सोडून आला. यातलं शेवटचं मी जोडलेलं आहे. पाच जणांचं खरं आहे.

मी त्याला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. चढाई करून परत येताना पाठ द्यायची नाही. ज्यानं पाठ दिली तो गेला. डोळे मागं ठेवायचे. ते त्याच्या अंगात इतकं मुरलं की गल्लीतून दूध घेऊन येतानासुद्धा तो चार पावलांनी मान वळवायचा. त्याची आई म्हणायची, "हाऊ असा कसाले देखत ऱ्हास? कोनी उधारीवाला शे का मांगे?"

मग टीव्हीवर दिसते ती कबड्डी आली. एका संघानं त्याला उचललं. पहिल्या हंगामात तो असा खेळला की आमच्या गावातल्या जेवणाच्या वेळा बदलल्या. दुसऱ्या हंगामाआधी संघानं त्याच्यापुढं मोठा करार ठेवला. सराव शिबिर आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लगेच सुरू होणार होतं. दहा दिवस घरी राहून जातो म्हणून तो गावी आला, तेव्हा तो करार त्यानं मला दाखवला. इंग्रजीत होता. आमच्या शाळेच्या सरांनी वाचून सांगितलं, की खेळाडूनं मैदानाबाहेर धोक्याचं काही करायचं नाही. बर्फावरून घसरायचं नाही. विमानातून उडी मारायची नाही. मोटारसायकलची शर्यत नाही. असलं काही करताना दुखापत झाली, तर करार तिथंच संपला.

आम्ही पोट धरून हसलो. आमच्याकडे बर्फ दोनच ठिकाणी असतो, रसवंतीत आणि मढ्याखाली.

"सर, नीट देखा," तो म्हणाला. "बारागाड्या शेतस का त्याम्हा?"

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नव्हत्या.

तेव्हा मी हसलो नाही, एवढं मला आठवतं. किंवा हसलो असेन आणि मधेच थांबलो असेन.

बारागाड्या म्हणजे काय, ते खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. बारा बैलगाड्या एकीमागं एक बांधायच्या. बैल नाहीत. बाराही गाड्यांवर माणसं अशी लोंबकळतात की गाडी दिसत नाही. आणि सगळ्यांत पुढं, कमरेला दोर बांधून, हळदीनं पिवळाजर्द झालेला एक माणूस. तो भगत. मरीमातेचं नाव घेऊन तो एकटा त्या बारा गाड्या ओढत देवळापर्यंत नेतो. मागून गाव पहिला धक्का देतं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. भगताच्या दोन्ही बाजूंना दोघे त्याला काखेत धरून धावतात. ते बगले. भगताचा तोल गेला, पाय घसरला, तर त्याला उचलून बाजूला काढायचं, हे त्यांचं काम. दोराची गाठही अशी असते की हिसडा दिला की सुटावी. देवळापाशी आलं की भगत आणि बगले बाजूला उडी घेतात, आणि गाड्या मातीत रुतून आपोआप थांबतात.

यात दोन नियम आहेत. दोर बांधल्यावर भगतानं आणि बगल्यांनी मागं पाहायचं नाही. आणि गाड्या थांबेपर्यंत त्यांना नावानं हाक मारायची नाही. हाक मारणाऱ्यावर माता कोपते.

आमच्या गावचा भगत म्हणजे त्या पोराचा बाप. त्यांना सगळे आबा म्हणतात. भगतपण त्यांच्या घरात बापाकडून पोराकडं येतं आणि बगलेही त्याच घरातले लागतात. त्या साली आबा थकलेले होते. आधीच्या वर्षी देवळाच्या अलीकडं त्यांचा गुडघा वाकला होता आणि बगल्यांनी त्यांना जवळजवळ उचलून नेलं होतं. त्यातला उजव्या अंगाचा बगला, म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, नेमका आखाजीच्या तोंडावर हर्नियाचं ऑपरेशन करून घरी पडला. घरात दुसरा तरणा पुरुष एकच होता, आणि त्याचा पाय टीव्हीवाल्यांनी विकत घेतलेला होता.

त्यांच्या अंगणात झालेलं बोलणं मी कानांनी ऐकलेलं आहे. निंबाखाली आबा खाटेवर बसले होते. पोरगा उंबऱ्यावर. त्याची आई घागरीसाठी आणलेलं डांगर पुसत होती. आखाजीला पितरांच्या घागरीवर आम्ही डांगर ठेवतो. खरबूजच ते, पण खरबूज म्हटलं की पितरांना कळत नाही.

"तुना पाय आते तुना एकल्याना नही शे," आई म्हणाली. "त्यावर त्यासनी सही शे."

"बगला फक्त धरस, आई. वढत नही."

"आनि गाड्या? त्या काय करतस?"

पोरगा हसला. "आजलोंग बठ्ठा माले धरतस. एक रोज मी धरसू." म्हणजे, आजवर सगळे मला धरत आले.

आई माझ्याकडं वळली. "नाना, तुम्ही सांगा याले. तुमनं आयकस."

मी म्हणालो, "भाऊ, यंदा आबांनी नुसता दोर कमरेला लावावा. दोन पावलं चालावं. मातेला चालेल."

आबा खाटेवरून माझ्याकडं वळले. मग एवढंच म्हणाले, "मी कोनले बलावं नही." म्हणजे, मी कोणाला बोलावलं नाही. त्यांनी उजवा गुडघा दोन्ही हातांनी उचलला आणि खाटेवर ठेवला, एखादं सामान ठेवावं तसा. पोरानं ते पाहिलं. नाही म्हणायची त्याची वेळ तिथंच गेली.

आता रस्त्याचं सांगतो.

वेशीपासून देवळापर्यंतची वाट पूर्वी मातीची होती, आणि देवळाकडं जरा उतरती. गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा त्या मातीत बोटभर रुतायच्या. पण गावानं मनावर घेतलं. मातेच्या वाटेवर धूळ नको म्हणून त्याच हिवाळ्यात सिमेंटचा रस्ता झाला. इतका गुळगुळीत, की माशी बसली तर घसरून देवळात दर्शनाला जावी. दुसरं म्हणजे, लाकडी चाकांच्या गाड्या आता उरल्यात कुठं? ज्याच्या त्याच्या दारात ट्रॅक्टर. बारा गाड्या आसपासच्या गावांतून जमवल्या, त्या सगळ्या रबरी चाकांच्या. आणि तिसरं, मातेची सेवा म्हणून प्रत्येक गाडीवाल्यानं चाकाला इतकं वंगण भरलं की थेंब थेंब गळत होतं. एकाचा डबा संपला की दुसरा आपला द्यायचा. कोणी वाईट काही केलं नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्या हातून चांगलंच केलं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी, वेशीपाशी हातगाडीवरून एक डांगर खाली पडलं. मी दुकानाच्या ओट्यावर होतो. ते घरंगळत निघालं. शाळा ओलांडली. पारावर पत्ते खेळणाऱ्यांचा घोळका ओलांडला. एकानं पाय पुढं केला आणि मागं घेतला. ते काही हळू होईना. देवळाच्या पायरीवर जाऊन ते आपटलं आणि फुटलं. आतला केशरी गर पायरीवर पसरला, बिया उंबऱ्यापर्यंत गेल्या. पोरं धावली, हसली, खाऊ लागली. हे मी जोडलेलं नाही. जोडायचं असतं तर मी त्यापेक्षा बरं काही जोडलं असतं.

मी तडक यात्रेच्या मंडळाकडं गेलो. अध्यक्ष मांडव बांधून घेत होते.

"भाऊ, उतारावर वाळू टाका. दोन ट्रॉल्या टाका. गाड्या थांबणार नाहीत. देवळात घुसतील!"

अध्यक्षांनी बाकीच्यांकडं पाहिलं. "नाना काय म्हणताहेत? देवळात घुसतील. निम्मं सोडा. म्हणजे पायरीपर्यंत येतील."

"पायरीपर्यंत तर पाहिजेच," दुसरा म्हणाला.

"अरे बाबा, खरं सांगतोय!"

"नाना, आत्ताच टँकर लावून रस्ता धुतलाय. मातेच्या वाटेवर माती टाकू का?"

सगळे हसले. मलाही हसावं लागलं. पाणी वाळत होतं आणि रस्ता आरशासारखा झाला होता. त्यात मांडवाचे बांबू उलटे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर गाव वेशीशी जमलं. माहेरवाशिणी गच्च्यांवर. डफ वाजत होते. आबांच्या अंगाला हळद फासली, दोर बांधला. डावीकडं जुना बगला, उजवीकडं आमचा पोरगा. दंडापर्यंत पिवळा, कपाळाला भंडारा. गावानं त्याला पाहून जो आवाज केला तसा भुसावळच्या मैदानावरसुद्धा झाला नव्हता. जो तो फोन वर धरून उभा. त्याची आई आमच्या ओट्यावर माझ्या शेजारी होती, आणि तिनं पदर तोंडात धरला होता.

"मरीमाता की जय!" मागून धक्का बसला.

पूर्वी गाड्या निघाल्या की लोखंडी धावांचा असा खणखणाट व्हायचा की गुरं दावं तोडायची. त्या आवाजावरून पुढच्या माणसाला कळायचं, गाडी किती मागं आहे. त्या दिवशी आवाजच नव्हता. रबर आणि वंगण. एवढी माणसं भरलेल्या बारा गाड्या, आणि मांजर चालावं तशा त्या येत होत्या. शाळेपर्यंत आबा ओढत होते. शाळा ओलांडली आणि दोर सैल पडला. मी पाहिलं. त्यांच्या मागं दोर लोंबत होता, जमिनीला लागत होता. आता आबा गाड्यांना ओढत नव्हते. गाड्याच आबांना हाकलत होत्या.

माझ्या तोंडात त्या पोराचं नाव आलं होतं. त्याच्या आईनं माझं मनगट धरलं. हाक मारायची नव्हती. तिनं ते इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी माझ्या कातड्यात गेली. गावातल्या प्रत्येकाच्या तोंडात ते नाव असणार. कोणी हाक मारली नाही.

आणि त्यानं मान वळवली.

क्षणभरच. दूध घेऊन गल्लीतून येताना वळवायचा तशी. पहिल्या गाडीची दांडी त्याच्या पाठीपासून हातभर होती. मग त्यानं जे केलं ते मी कुठल्याही मैदानावर पाहिलेलं नाही, आणि मी तर न पाहिलेलंही पुष्कळ सांगत असतो. त्यानं एका हातानं आबांच्या दोराला हिसडा दिला, दुसऱ्या हातानं त्यांची कंबर धरली, आणि त्यांना डावीकडच्या बगल्यासकट गटाराच्या पलीकडं फेकलं. फेकताना उजव्या पायावर सगळा भार घ्यावा लागतो. तो पाय रस्त्यावर, चाकाखाली राहिला.

गाड्या देवळाच्या ओट्याला जाऊन धडकल्या आणि थांबल्या. वरची माणसं एकमेकांवर पडली, कोणाला फार लागलं नाही. लोक जय जय करत होते. मागच्या गाड्यांवरच्यांना वाटलं, छान झालं.

जळगावच्या वाटेवर मी गाडीत त्याच्या डोक्याशी होतो. पाय टॉवेलात गुंडाळलेला होता. हळद घामानं ओघळून त्याच्या डोळ्यांत जात होती आणि ती पुसायचं कोणाला सुचत नव्हतं.

"नाना," तो म्हणाला, "संघवाल्यासले तुम्ही सांगा. सरावात मुरगळला म्हना."

जन्मात पहिल्यांदा कोणी मला लहान थाप मारायला सांगितलं. डॉक्टर आत त्याचा घोटा पाहत होते, आणि मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून तोंडातल्या तोंडात सराव करत होतो. पाय मुरगळला. मैदानावर. बस्स. कुठं काही वाढवायचं नाही.

डॉक्टर गेल्यावर मी त्याच्या खाटेशी आलो तोच, माझ्याकडं ठेवलेला त्याचा फोन वाजला. संघाचा व्यवस्थापक मोठा सभ्य माणूस. "काका, काय झालं?"

"सराव करताना पाय मुरगळला, साहेब."

"मैदानावर?"

"मैदानावरच."

पलीकडं डफ वाजले आणि बंद झाले. मग तो हळूच म्हणाला, "काका, त्याच्या अंगाला हळद का आहे?"

आम्ही जळगावला पोहोचायच्या आधी अख्ख्या गावानं तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता. 'आमचा वाघ' म्हणून. अभिमानानं. एकालाही वाटलं नाही की हे लपवायचं असतं. जे मातेसमोर केलं ते लपवतात का?

पोरानं हात पुढं करून फोन घेतला. "सर, बारागाड्या होत्या," तो म्हणाला. "वडील होते पुढं." पलीकडचं बराच वेळ ऐकलं. दोनदा "हो सर" म्हणाला. फोन मला परत दिला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यानं कोणाला पाठ दिलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

घोट्यात पट्टी आणि खिळे बसले. चालता येतं. चढाई नाही.

तो गावी परतला तेव्हा पारावर तोच व्हिडिओ सुरू होता. ठिकठिकाणी थांबवून पाहत होते. गाड्यांचा वेग कोणी पाहत नव्हतं. रस्ता कोणी पाहत नव्हतं.

"थांब, थांब. आठे देख. मान वळनी."

"वळनी ना! मांगे देखं त्यानी."

"म्हनीसन झायं बठ्ठं."

मी म्हणालो, "अरे, मान वळली म्हणून बाप वाचला त्याचा! आधी दोर सैल पडला, मी माझ्या डोळ्यांनी..."

"नाना," अध्यक्ष म्हणाले, अगदी मायेनं, "निम्मं सोडलं तरी जास्त होतं."

हळूहळू गावात ठरलं. कोणी बैठक घेतली नाही, कोणी हुकूम केला नाही. मातेनं बाप सोडला आणि पाय घेतला. नियम मोडला त्यानंच भगतपण घ्यायचं. आबांच्यानं आता होणार नाही, आणि पोरगा तर मोकळाच आहे. मोकळा. हा शब्द मी त्या वर्षात इतक्या तोंडून ऐकला की मला तो शिवीसारखा लागायला लागला. आबांनी गुडघा उचलून खाटेवर ठेवला. कोणाला बोलावलं नाही.

मंडळानंही सुधारणा केली, असं म्हणायला हवं. रस्त्याचं त्यांच्याही मनात कुठं तरी राहिलं असणार. वाळू नाही टाकली. देवळाच्या जरा अलीकडं, उताराच्या पायथ्याशी, एक चांगला उंच गतिरोधक घातला. पिवळे-पांढरे पट्टे मारून. गाडी त्याला लागली की थांबेल, असं सगळ्यांचं मत आहे. उसळेल, असं माझं मत आहे. पण माझ्या मताचं निम्मं केलं की गाडी थांबतेच.

आणि एक नवा रिवाज निघाला. भगताच्या फेट्याचे दोन्ही शेव हनुवटीखालून घेऊन मानेमागं घट्ट बांधायचे. म्हणजे मान वळणार नाही. म्हातारे म्हणतात, पूर्वी असंच होतं. मी त्यांच्याएवढाच म्हातारा आहे. असं कधीच नव्हतं.

उद्या आखाजी आहे. हे लिहितोय तेव्हा दुकानासमोर गाड्या लागल्यात, सगळ्या रबरी चाकांच्या, आणि वंगणाचा डबा या हातातून त्या हातात फिरतोय. दुपारी तो आला होता. लंगडत ओट्यावर चढला. फेटा बांधून पाहायला दिला होता, तो तसाच डोक्यावर. माझ्याकडं पाहायला त्याला अख्खं अंग वळवावं लागलं.

"नाना, घसा कसा शे तुमना?"

"का रे?"

"उद्या गतिरोधकना आल्लंग उभा ऱ्हा. दोर सैल दिसना का माले हाक मारा. नावनं मारा."

गतिरोधकाच्या अलीकडं उभं राहायचं, आणि दोर सैल दिसला की नावानं हाक मारायची. मी म्हणालो, "भाऊ, माता कोपेल."

"कोपू द्या," तो म्हणाला. हसला, पण फेट्यानं गाल आवळलेले होते, त्यामुळं हसू तोंडापुरतंच राहिलं. "तिले सांगज्यात, नाना शेतस. निम्मं सोडी दे म्हना."

तो गेल्यापासून मी दोनदा त्याचं नाव मोठ्यानं घेऊन पाहिलं, दुकानात कोणी नसताना. मी आयुष्यभर गल्ली उठवलेला माणूस. आवाज ओट्यापलीकडं जात नाही.